सुंदरबाई चढली का?

आमच्या कारंज्यात शिडी घ्यायला आलेला माणूस बांबू बघत नाही. बांबू कोवळा आहे की पक्का, पायरीचं भोक गाठीजवळ पाडलंय की मधेच कुठेतरी, पाचर नीट ठोकलीय की नुसती तार गुंडाळून वेळ मारून नेलीय, यातलं काहीएक तो विचारत नाही. तो येतो, चपलेच्या टोकानं शिडीला एक ढोस देतो आणि विचारतो, सुंदरबाई चढली का? चढली असेल तर शिडी चांगली, नसेल तर वाईट. इतकी सोपी परीक्षा दुसरीकडे कुठे नसेल, आणि इतकी निर्लज्जही नसेल.

मी हे छातीवर हात ठेवून सांगते, कारण मी समोरच बसते. बाजाराच्या रस्त्यावर आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. गल्ल्यावर आमचे महावीरशेठ बसतात आणि दुकान आपण चालवतो असं समजतात. खिळे तोलायला, पाइप मोजायला आणि फुकट्या गिऱ्हाइकाला वाटेला लावायला मी उठते. रस्त्याच्या पलीकडे कडुनिंबाखाली चंपत बुरूड आणि त्याची बायको सुंदरबाई यांचा ठिय्या आहे. सुपं, टोपल्या, कोंबड्यांचे डालगे, आणि झाडाला टेकवलेल्या शिड्या. दिवसभर माझं तोंड त्यांच्याकडे असतं, त्यामुळे त्या घरात मीठ कधी संपलं हेसुद्धा मला ठाऊक असतं.

सुंदरबाई अंगानं भारी. मी भारी म्हणते. बाजार काय काय म्हणतो ते माझ्या तोंडातून यायचं नाही. चांगली उंच, खांद्यानं रुंद, आणि कामाला वाघीण. बांबू चिरायचा, विणायला पातळ पट्ट्यांची बेळं काढायची, टोपली विणायची, शिडीच्या पाचरा ठोकायच्या, सगळं तिच्याकडे. चंपत भोकं पाडतो आणि बोलतो. भोकं कमी, बोलणं जास्त. अंगावर मूठभर मांस नाही, पण मतं भरपूर. आणि गंमत ऐका, जन्मभर शिड्या करणाऱ्या या माणसाला उंचीची भीती. स्टुलावर उभा केला तरी पाय लटपटतात. आमच्या दुकानाचा बोर्ड लावायला मी त्याला बोलावलं होतं. शिडी त्याची, खिळे आमचे, आणि वर चढली सुंदरबाई. हा खाली उभा राहून डावीकडे घे, उजवीकडे घे करत होता. मजुरी घ्यायला मात्र हाच पुढे आला.

आता ही चढायची रीत कशी पडली ते सांगते. धनजचा हरीओम, संत्र्याच्या बागेचा मालक, तोडणीसाठी शिडी घ्यायला आला होता. या माणसानं स्वर्गाच्या दारातसुद्धा दोन रुपये कमी कर म्हटलं असतं. सगळी दुपार त्यानं भाव पाडण्यात घालवली. बांबू महाग झाला, पक्का बांबू लांबून आणावा लागतो, एका शिडीला अख्खा दिवस जातो, सगळं चंपतनं सांगून पाहिलं. भाव पुरता पाडून झाल्यावर हरीओमला आठवलं की शिडीवरून माणूस पडतोसुद्धा. मग म्हणे, मोडली तर? चंपतनं आईची शपथ घेतली. हरीओम म्हणाला, शपथ नको, चढून दाखव. चंपतनं एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं, आणि लगेच म्हणाला की मी चढून काय उपयोग, मी तर काडी, माझ्या वजनानं काय कळणार? मग बायकोकडे वळून म्हणाला, "चढ वं."

त्या बिचारीनं पदर खोचला आणि चढली. पार वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. आणि हा हरीओम, बाई वर उभी असताना, खालून शिडी गदागदा हलवून बघायला लागला. शिडी कुरकुरली नाही. सुंदरबाई उतरली, हरीओम खूश झाला, आणि पैसे काढताना म्हणाला की आता ही वापरलेली झाली, दहा रुपये कमी कर. मी माझ्या कानांनी ऐकलंय. चंपतनं कमी केले, हे त्याच्याहून वरचं.

त्या दिवसापासून जी रीत पडली ती पडली. हरीओमनं गावभर सांगितलं, गावानं तालुकाभर सांगितलं. एका पोट्ट्यानं मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढला, वर गाणं लावलं आणि सोडून दिला. हजारो लोकांनी हसून पाहिला. मेडशीकडचे लोकसुद्धा एसटीच्या टपावर बांधून शिड्या नेऊ लागले. चंपतला तर आपण काय मोठा शोध लावला असं झालं. गिऱ्हाईक आलं की हाक मारायचा, आणि हातातली टोपली बाजूला ठेवून ती उठायची. एक गिऱ्हाईक म्हणे दोनदा चढव. दुसरं म्हणे मधल्या पायरीवर थोडी उडी मारू दे. एकानं तर शिडी तिरपी लावून चढवली, कारण त्याच्या घरची भिंत तिरपी होती. हातात रुपया सोडायच्या आधी प्रत्येकाला बाई वर पाहिजे होती, आणि प्रत्येकाला भावही कमी पाहिजे होता. शिडी स्वस्त हवी आणि मजबूतही हवी, या दोन गोष्टींचं भांडण या लोकांनी सुंदरबाईच्या गुडघ्यावर मिटवलं.

आमच्या घरातही हा रोग आला. आमच्या दुकानात अॅल्युमिनियमच्या शिड्या आहेत. चकचकीत, खाली रबराचे बूट, बाजूला वजनाचा शिक्का, सोबत छापील कागद. चंपतच्या शिडीच्या चौपट भाव. लोक हात लावून बघायचे आणि महावीरशेठना विचारायचे, हिच्यावर कोण चढलं? शेठ शिक्का दाखवायचे. लोक म्हणायचे, शिक्क्याले काय होते, शिक्का काय पडते काय? एका संध्याकाळी महावीरशेठ माझ्याकडे जरा विचारपूर्वक बघायला लागले. मी म्हटलं, माझ्याकडे बघू नका. अष्टमी-चतुर्दशीचे उपास करून करून मी अशी झालेय की मी चढले तर शिडीला कळणारसुद्धा नाही. त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत त्यांना जेवायला वाढलं खरं, पण मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

चढताना सगळे बघतात. उतरताना कोणी बघत नाही. चढणारीचा दम छातीत जातो, उतरणारीचा गुडघ्यात. प्रत्येक पायरीवर सगळा भार एकाच पायावर घेऊन दुसरा पाय खाली चाचपडायचा, हे मी दुकानात बसून वर्षानुवर्षं पाहिलंय. उतरली की सुंदरबाई आमच्या ओट्यावर येऊन बसायची, पाणी मागायची आणि लुगडं जरा सरकवून गुडघा दाबत राहायची. मी कधी बाम द्यायचे, कधी गरम पाण्याची पिशवी. चंपतला मी एकदा चांगला झापला. तो म्हणाला, तिले सवय हाय. मी म्हटलं, बैलालाही असते, पण त्याला आठवड्यातून एक दिवस तरी सोडतात. तर हा हसला. या पुरुषांना काही बोललं की हसतात, हीच त्यांच्याबद्दल माझी मोठी तक्रार आहे.

शेवटी मीच तिला डॉक्टरीणबाईंकडे नेली. चंपत मागे मागे आला. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, गुडघ्याचा फोटो काढला. साखर वाढलेली होती आणि गुडघे झिजलेले होते. वजन उतरवा, त्या म्हणाल्या, आणि चढणं-उतरणं आजपासून बंद. नाहीतर आधी काठी, मग खाट. सुंदरबाईनं ऐकून घेतलं. चंपतनं घसा साफ केला आणि विचारलं की वजन उतरवायचं काम पोहरादेवीच्या यात्रेनंतर सुरू केलं तर चालेल का? डॉक्टरीणबाईंना कळेना की यात्रेचा आणि वजनाचा काय संबंध. त्यांना वाटलं, नवस असेल. यात्रेला शिड्या खपतात आणि शिड्या खपायला बाई भारी लागते, हा सगळा प्रकार मी सांगितला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि चंपतला बाहेर बसायला सांगितलं.

परत आल्यावर सुंदरबाई आमच्या ओट्यावर बसली तेव्हा बोलली. "भाभी, माही माय दोन वर्सं खाटेवर होती. मी तिचं सारं केलं. माहं करनारं कोनी नाई. मले माह्या पायानं हिंडाचं हाय, बस." तिला मूलबाळ नाही. घरात एक चंपत, आणि तो पाण्याचा पेलाही स्वतः भरून घेत नाही. तिच्या डोळ्यांसमोर ती खाट होती, आणि मला तेव्हा चंपतच्या नावानं इतका संताप आला की त्या रागात मी एका गिऱ्हाइकाला अर्धा किलो खिळे जास्त तोलले.

तिनं मनावर घेतलं, चढणं सोडलं. भात सोडला, साखरेचा चहा सोडला, ज्वारीची भाकर आणि भाजी. सकाळी उजाडलं की चालायला जायची, हळूहळू, रस्त्याच्या कडेनं. आणि इकडे चंपतच्या जिवाला घोर. ज्या माणसानं लग्नानंतर बायकोसाठी फुटाणे आणले नाहीत, तो बाजाराच्या दिवशी जिलेबी आणायला लागला. खा वं, थोडी खा वं, असं किती प्रेमानं म्हणायचा! बायाबापड्या म्हणायला लागल्या, म्हातारपणी माया सुटली. मी म्हटलं, माया कसली डोंबलाची, माल वाळून चाललाय म्हणून पाणी मारतोय. सुंदरबाई जिलेबी उचलायची आणि आमच्या दुकानापुढच्या कुत्र्याला टाकायची. कुत्रं चांगलं गलेलठ्ठ झालं.

ती वजनानं उतरली. चेहरा सुटसुटीत झाला, चोळ्या सैल व्हायला लागल्या. मला फार बरं वाटलं. बाजाराला वाटलं नाही. लोक यायचे, तिच्याकडे बघायचे आणि आपसात म्हणायचे, बाई वाळली, आता शिडीचं काही खरं नाही. म्हणजे बांबू तोच, भोकं तीच, पाचर तीच, पण बाई हलकी झाली म्हणून शिडी कमजोर झाली! या गावात शिकलेली माणसं आहेत, शाळा आहेत, कॉलेज आहे. कोणाच्याही डोक्यात आलं नाही की आपण काय बोलतोय. आमचे महावीरशेठसुद्धा म्हणाले की लोकांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मी त्यांना म्हटलं, तुमच्या डोक्यात गंज आहे, जरा रॉकेल लावा.

शिड्या खपेनात तेव्हा सुंदरबाईनंच तोड काढली. तिनं एक पोतं आणलं, वाळूनं भरलं, तोंड शिवलं आणि म्हणाली, हे टांगून दाखवा. माझ्याहून जड आहे. बरोबरच होतं. चंपतनं दोरी लावून पोतं वरच्या पायरीला लटकवलं. शिडी हूं की चूं करेना. गिऱ्हाइकांनी पोतं पाहिलं, हाताने ढकललं, आणि निघून गेले. एकाला मी रस्त्यातच अडवला आणि विचारलं की बाबा, पोत्यात काय कमी आहे? तो म्हणाला, "पोतं पडलं तं त्याचं काय जाते?" त्या क्षणी मला सगळं कळलं. यांना वजन नको होतं. यांना ज्याचं हाड मोडू शकतं असं काहीतरी वर पाहिजे होतं, आणि ते हाड आपल्या घरचं नको होतं. पोतं काही दिवस झाडाखाली पडून राहिलं, मग मांजरं त्याच्यावर झोपायला लागली.

अशात मदनसिंग आला. मदनसिंग मंडपवाला, मानोऱ्याकडचा. लग्नं, सभा, मिरवणुका, आणि चैत्रात पोहरादेवीची यात्रा. यात्रेत कमानी उभारायच्या, दिव्यांच्या माळा लावायच्या, भोंगे बांधायचे, म्हणजे शिड्या ढिगानं लागतात. मोठी ऑर्डर. चंपतच्या तोंडाला पाणी सुटलं. पण मदनसिंग भाव करायला बसला की समोरच्याला आपण धंदा कशाला करतो असं वाटायला लागतं. त्यानं इतका पाडला, इतका पाडला की पलीकडून ऐकणारे महावीरशेठ मला म्हणाले, एवढ्यात याला बांबूसुद्धा येणार नाही. आणि वर मदनसिंगची अट: प्रत्येक शिडीवर बाई चढली पाहिजे, त्याच्या डोळ्यांसमोर. यात्रेचं काम आहे, म्हणे, रिस्क नाई घ्याची. चंपत म्हणाला, चढेल की. बायकोला विचारलं का? कशाला विचारेल? शिडीला विचारतो का?

त्याच सुमारास सुंदरबाईचा उजवा गुडघा सुजला. पंधरवडाभर ती घरीच होती. म्हणून ही सगळी ऑर्डर चंपतनं एकट्यानं केली. मी दुकानातून बघत होते. रोज शिड्या उभ्या राहत होत्या, पिवळ्याधमक, गुळगुळीत, एकसारख्या. इतक्या देखण्या शिड्या त्यानं आधी कधी केल्या नव्हत्या. मी एकदा विचारलं की एवढ्या भावात कसं जमलं. तो म्हणाला, जमवलं भाभी. आणि विषय बदलून माझ्या आंब्याच्या लोणच्याची चौकशी करायला लागला. चंपत माझ्या लोणच्याबद्दल विचारतो म्हणजे काहीतरी लपवतो, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

टेम्पो आला तो बाजाराचाच दिवस होता. मदनसिंग टेम्पोतून उतरला, पान थुंकला आणि म्हणाला, बोलाव बाईले. सुंदरबाई भिंतीला हात लावत लावत आली. बाई चढणार हे पाहून लोक जमले. भाजीवाल्या उठून आल्या, चहावाला कप घेऊन उभा राहिला, दोन-तीन मोबाइल वर झाले. सुंदरबाईनं शिड्यांकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं आणि स्वच्छ सांगितलं की मी आता चढत नाही. डॉक्टरीणबाईंनी मना केलंय. गुडघा सुजलाय. चंपतनं हात जोडले, शेवटची बार म्हणाला, अर्ध्यापर्यंतच चढ म्हणाला, मी धरतो म्हणाला. आता मला राहवलं नाही. मी तराजू सोडला आणि रस्ता ओलांडून गेले. महावीरशेठ मागून हाका मारत राहिले.

मी काही बोलायच्या आत मदनसिंगच बोलला. अगदी शांतपणे, समजूतदारपणे. "बरं, राहू दे चढनं. शिडीमागं पन्नास रुपये कमी कर."

मी तिथेच थबकले. इतकी वर्षं ही बाई चढली, उतरली, गुडघे झिजवले. कोणी कधी चढायचे म्हणून तिला एक रुपया दिला नाही. शिडीचा भाव तो शिडीचा भाव, चढणं फुकट. आणि आज ती चढत नाही म्हटल्याबरोबर त्या चढण्याला भाव निघाला, आणि तो तिच्याच घरातून वसूल करायचा! सुंदरबाईलाही ते लागलं. ती मदनसिंगकडे बघत म्हणाली, "अस्सं होय भाऊ? मंग आजलोक जेवढ्याइवर चढली, तेवढ्याइचे पैसे पयले काढा."

लोक हसले. मदनसिंगही हसला. त्याला वाटलं, बाई विनोद करते. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. मदनसिंग म्हणाला की पटकन ठरव चंपत, मला दुसरीकडेही शिड्या मिळतात. चंपत बायकोकडे बघायला लागला. काय ते तोंड! वासराचं दूध तोडल्यावर ते तसं बघतं. ऑर्डर गेली तर सगळा उन्हाळा घरात काय शिजणार, हे तिलाही कळत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पदर खोचला. झाडाला टेकवलेल्या शिडीजवळ गेली, दोन्ही हातांनी बांबू धरला आणि उजवा पाय पहिल्या पायरीवर ठेवला. मोबाइल सरसावले.

पाय ठेवला, पण त्याच्यावर भार येईना. ती पुन्हा दम घेऊन उठायला गेली आणि गुडघ्यातून अशी कळ आली की तिच्या तोंडातून आवाज निघाला. मी धावून दंड धरला. तिनं पाय खाली घेतला. जरा वेळ तशीच बांबूला कपाळ टेकून उभी राहिली. मग वळली आणि चंपतला म्हणाली की आज तुमी चढा.

लोकांना फारच मजा वाटली. चंपत चढणार! एक जण म्हणाला, अरे, त्याले वर वारा घेऊन जाईन. मदनसिंग म्हणाला, चालेल, तू चढ, मी पन्नास कापत नाही. कोणीतरी चढलं म्हणजे झालं. चंपत हसत हसत मागे सरकला. चक्कर येते म्हणाला, सगळ्यांना माहीत आहे म्हणाला. सुंदरबाई म्हणाली, दोनच पायऱ्या. दोन पायऱ्यांवर कोणाला चक्कर येत नाही. मी खाली धरते. आणि खरंच तिनं खाली बसून दोन्ही हातांनी शिडी धरली, त्या सुजलेल्या गुडघ्यानं.

चंपतनं चप्पल काढली. लोक टाळ्या वाजवायला लागले. त्यानं पहिल्या पायरीवर पाय ठेवला, लगेच काढला. पुन्हा ठेवला. त्याच्या कपाळावर घाम आला. मी अगदी जवळ होते म्हणून मला दिसलं. तो वर बघतच नव्हता. तो पायरी जिथे बांबूत शिरते त्या भोकाकडे बघत होता. मग त्यानं पाय काढून जमिनीवर घेतला आणि तोंडातल्या तोंडात बोलला. "नको. कवळा बांबू हाय. बांधावरचा, वला. विस्तवावर धरून पिवळा केला. हा नाई झेपत."

टाळ्या थांबल्या. सुंदरबाई खाली बसलेली होती. तिनं शिडी सोडली नाही. तिथूनच तिनं मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, रडलीसुद्धा नाही.

"अन् मी चढनार होती, तवा वाळेल होता काय?"

चंपतनं खाली बघत चप्पल पायात सरकवली.  इतका वेळ बाईची गंमत बघायला उभे राहिलेले लोक एकमेकांच्या पायांकडे बघायला लागले. चहावाला कप घेऊन निघाला. मोबाइल खिशात गेले. हा व्हिडिओ कोणी कुठे सोडला नाही, एवढं मी सांगते. फक्त मदनसिंग होता तसाच होता. त्यानं पुढे होऊन शिडी नखानं खरवडून पाहिली आणि म्हणाला की कोवळा आहे तर मग अर्ध्या भावात दे. चढनारे पोट्टे हलके हायत माहे, त्याइले काय होते?

तेव्हा सुंदरबाई उठली. माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली, कोयता घेतला आणि समोरच्या शिडीच्या पायऱ्या तोडायला लागली. एक झाली, दुसरी घेतली. मदनसिंग ओरडला, वेडी झाली का बाई. तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. थोड्या वेळानं दमली आणि थांबली. मी चंपतकडे बघून म्हटलं, काय बघतोस, धर. तो मुकाट्यानं आला आणि एकेक शिडी तिच्यासमोर आडवी धरत गेला. रात्रंदिवस खपून केलेल्या होत्या त्यानं त्या. पार ढीग संपेपर्यंत तो धरत होता आणि ती तोडत होती. टेम्पो रिकामा गेला. मदनसिंगनं नंतर दुसऱ्या कुठल्यातरी गावातून स्वस्तात शिड्या नेल्या असं ऐकलं. तिथे कोण चढलं, मला माहीत नाही.

तो उन्हाळा त्यांना वाईट गेला. सुंदरबाईनं टोपल्या विणून काढला. मी दोनदा पीठ पाठवलं, एकदा तिनं परत पाठवलं. चंपत बरेच दिवस बोलला नाही, आणि तो न बोलणं म्हणजे बाजारात काहीतरी बंद पडल्यासारखं वाटत होतं. बायको त्याला टाकून जाईल असं मला वाटलं होतं, आणि खरं सांगते, मी तसं सुचवलंही होतं. ती म्हणाली, टाकून काय करू भाभी, तोंडी लावायला तरी आहे.

आता पुन्हा शिड्या करतात. बांबू आणायला सुंदरबाई स्वतः जाते, टेम्पोत पुढे बसून, काठी न घेता. भाव तीच सांगते, आणि तो आधीच्या भावाहून चांगला वरचा आहे. हरीओम परवा आला होता, भाव ऐकून छाती बडवायला लागला. शिडी आहे की सोनं, म्हणे. मग सवयीनं विचारलं, बाई चढली का? सुंदरबाई विणत होती. तिनं मान वर न करता बोटानं नवऱ्याकडे दाखवलं. चंपतनं चप्पल काढली, देवाचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि लटपटत, दोन्ही हातांनी बांबूला मिठी मारून, पार वरच्या पायरीपर्यंत गेला. हरीओमला खालून शिडी हलवायचा मोह झाला, तेव्हा सुंदरबाईनं नुसता कोयता उचलून मांडीवर ठेवला. विकायच्या प्रत्येक शिडीवर आता तोच चढतो. तेव्हापासून त्या कडुनिंबाखाली कोवळा बांबू एकदाही आलेला नाही.